पाहुणताप

आमच्या प्रयोगशाळेत सरांना समोर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘उद्या’. नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण चपखल बसलं होतं एवढं खरं. पेशी वाढल्या का विचारलं तर उद्या बघू. निकाल लागला का, तर उद्या कळेल. एकदा संचालकांनी जिन्यात त्यांच्या सर्दीची चौकशी केली, तर सर चष्मा पुसत म्हणाले, “उद्या सांगतो.” संचालक बिचारे दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला आले.

यात आळस मुळीच नव्हता. माणसाचं सगळं आयुष्य काचेच्या बाटल्यांत पेशी वाढवण्यात गेलं की त्याला आज असं काही उरतच नाही. आज पेशींना खायला घालायचं, इनक्युबेटरचं दार हलक्या हातानं लावायचं आणि घरी जायचं. काय झालं ते उद्या. बाटलीतलं गुलाबी पाणी पिवळं पडलं असेल तर पोरांनी सगळं फस्त केलं, असं ते म्हणत. पेशींना ते पोरंच म्हणत. घाई करणाऱ्या माणसाला ते हूडखाली, म्हणजे पेशी हाताळायच्या त्या काचेच्या निर्जंतुक पेटीत, हात घालू देत नसत. मलाही पहिली दोन वर्षं नुसत्या बाटल्या बघायला लावल्या होत्या, आणि मी त्यांच्या नावानं मनातल्या मनात पुष्कळ बोटं मोडली होती.

उंच, किडकिडीत, हूडपुढे वाकून वाकून खांदे पुढे आलेले. चष्म्याला दोरी. स्वेटरचा एक खिसा कायम लोंबता, कारण त्यात मार्कर पेन कोंबलेले. आणि सकाळी आल्याबरोबर, कोट चढवताना, घरच्या भांडणाचा ताजा वृत्तान्त. तो ऐकल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे.

काकू, म्हणजे सरांची बायको, कॉलेजात त्यांच्याच वर्गात होत्या. तेव्हा त्या सरांना ‘अरे’ म्हणत. लग्न झालं, घरात मोठी माणसं होती, तेव्हा चारचौघांत ‘अहो’ सुरू झालं आणि मोठी माणसं गेल्यावरही ते तसंच राहिलं. ‘अरे’ उरलं ते फक्त भांडणापुरतं. सर आंघोळ करून ओला टॉवेल पलंगावर टाकत, अगदी नेमानं, आणि काकू स्वयंपाकघरातून येऊन म्हणत, “अरे माणसा, गादी कुजवायचीय का तुला?” सर हे आम्हाला अशा थाटात सांगत, जणू पदकच मिळालंय. “आज ‘अरे माणसा’ झालं,” म्हणत. एखाद्या दिवशी दोनदा मिळालं तर दिवसभर पिपेट हातात घेऊन गुणगुणत.

हे एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं ‘अरे’ आणि ‘अहो’ या दोन शब्दांवरच अडून बसलंय.

ताप आला तेव्हा त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला ‘पाहुणताप’ करून टाकलं, आणि लोकांचं नेहमीप्रमाणे बरोबर होतं. साधं पडसं, बारीक कणकण, चार दिवसांत माणूस हिंडायला-फिरायला मोकळा. कुणी मरत नव्हतं, म्हणून सुरुवातीला कुणी मनावरही घेतलं नाही. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की बरी झालेली माणसं आपल्याच घरात पाहुण्यासारखी वागतायत. कामं येतात, हिशेब येतो, रस्ते माहीत आहेत, फक्त माणसांची ओळख पुसली जातेय. तीही उलट्या क्रमानं. जो सगळ्यांत जवळचा तो आधी जायचा, मग त्याच्यानंतरचा. कोपऱ्यावरचा चांभार आणि बँकेतली बाई शेवटपर्यंत आठवायची. ‘जवळचा आधी’ हा नियम सरांनी बसवला. उंदरांवर आणि मग माणसांवर, दोन्हीकडे तो पक्का निघाला.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे आजाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नसे. समोर अनोळखी माणूस वावरतोय, तर असेल कुणीतरी, आपण कशाला विचारायचं, ते बरं दिसत नाही. इतकी सभ्य माणसं करून ठेवणारा रोग मी दुसरा पाहिला नाही. ओरडली असती, घाबरली असती, तर कळलं तरी असतं.

मग ओळखायचं कसं? तेही सरांनीच काढलं. पाहुणताप झालेलं माणूस ज्याला विसरतं त्याच्याशी अदबीनं बोलायला लागतं. आई मुलाला ‘तुम्ही’ म्हणते. भाऊ भावाला ‘बसा’ म्हणतो. सरांनी एक वाक्य तयार केलं, या तापासाठी नेमलेल्या सरकारी समितीनं ते मंजूर केलं, आणि कुणालाही फोन लावला की घंटी वाजायच्या आधी एक बाई ते म्हणायला लागल्या: “घरातलं माणूस अरे-तुरे सोडून अहो-जाहो करू लागलं, तर त्याला ताबडतोब तपासणीला आणा.”

त्या वाक्यानं शहराची भाषा बदलली. जो तो घरच्यांना खात्री पटावी म्हणून अरे-तुरेवर आला. सासवा जावयांना ‘ए’ म्हणायला लागल्या. आमच्या स्टोअरमधल्या कारकुनानं धाकट्या मेहुण्याला चुकून ‘या’ म्हटलं, तर घरच्यांनी त्याला रिक्षात घालून तपासणी केंद्रावर नेलं. दोन भाऊ वर्षानुवर्षं अबोल्यात होते, ते केवळ एकमेकांना शिव्या देऊन निरोगी आहोत हे सिद्ध करायला बोलायला लागले. घराघरातून आरडाओरडा ऐकू यायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला बरं वाटायचं.

या सगळ्यात बायका नवऱ्यांना ‘अहो’ म्हणतच होत्या. निदान सरांच्या वयाच्या तरी. त्याची कुणालाच धास्ती वाटली नाही, कारण ते ‘अहो’ आमच्या कानाला आदराचं वाटतच नव्हतं. ते नवऱ्याचं नावच होतं. समितीत बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला घरी कुणीतरी अहो म्हणत होतं, आणि वाक्य मंजूर करताना एकालाही ते ऐकू आलं नाही. मला याचा अजून संताप येतो. कुणाचा, ते नक्की सांगता येत नाही. सरांचा येतो, समितीचा येतो, आणि कधीकधी त्या शब्दाचाही येतो.

त्याच सुमारास सरांचे सकाळचे वृत्तान्त बंद पडले.

“काय सर, आज पदक नाही?” मी विचारलं.

“आजकाल नाहीच मिळत,” ते कोटाची बटणं लावत म्हणाले. “निवळली बहुतेक. वय झालं गं आमचं.”

“की तुम्ही टॉवेल वाळत घालायला लागलात?”

“छे. टाकतो की पलंगावर. ती येऊन उचलते. ‘असू द्या’ म्हणते.”

आम्ही सगळे हसलो. सर पण हसले, पण जरा खट्टू होऊन. दुसऱ्या एका दिवशी सांगत होते की त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून काकू आता लेकीच्या जुन्या खोलीत झोपतात. “माझं घोरणं इतकी वर्षं सहन केलं, आता जरा काळजी घ्यायला लागली माझी,” म्हणाले. हे ज्या माणसानं सांगितलं त्यानंच फोनवरचं वाक्य लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि काम तर जोरात चाललं होतं. उंदरीण पिल्लांपासून दूर ठेवली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणते. पाहुणताप झालेली उंदरीण पिल्लांना वळसा घालून जायची, अगदी अंग चोरून, त्यांना धक्का लागू नये अशी. ते बघवत नसे. मग आमच्या हाती एक औषध लागलं. ते दिलेल्या उंदरिणी, ओळख पूर्ण पुसायच्या आत दिलं असेल तर, उरलेली पिल्लं उचलत राहायच्या. गेलेलं मात्र परत येत नसे. सरांनी त्याला ‘गोंद’ नाव दिलं. “आहे ते चिकटवून ठेवतो, उडालेलं शोधून आणत नाही,” असं ते समजावून सांगत. गोंद माणसांवरही चालला. केंद्रावर द्यायला सुरुवात झाली.

सरांचा खरा जीव मात्र दुसऱ्या औषधात होता. त्याला आम्ही नुसतं ‘परतीचं’ म्हणत असू, कारण ते गेलेली ओळख परत आणणार होतं. अजून बाटल्यांतच होतं, दहा वेळा आशा दाखवायचं आणि अकराव्या वेळी तोंडावर पाडायचं. त्यात एक अडचण सरांनीच शोधून काढली होती. ज्या पेशीला एकदा गोंद लागला त्या पेशीत परतीचं औषध शिरत नाही. काही केलं तरी शिरत नाही. सरांनी ते सगळ्या बाजूंनी करून पाहिलं होतं. म्हणजे कुणालाही एकच मिळणार. गोंद घेतला तर उरलं तेवढं कायमचं, गेलं ते कायमचं.

“परतीचं कधी होईल सर?” संचालक विचारत.

“उद्या,” सर म्हणत, आणि संचालक कपाळाला हात लावत.

लेकीचा फोन आला तेव्हा आम्ही हूडपुढे होतो. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. सरांच्या दोन्ही हातांत मोजे, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्याजवळ धरला.

“बाबा, आई मला ‘जेवलात का’ म्हणाली.”

“चुकून म्हणाली असेल,” सर म्हणाले. त्यांचा हात हवेतच होता, पिपेटच्या टोकाला थेंब.

“नाही बाबा. मग म्हणाली, ‘तू येणार होतीस ना?’ मग परत म्हणाली, ‘तुम्ही तब्येत सांभाळा.’ अर्धं असं, अर्धं तसं. तुम्ही घरात असता ना, तुमच्या नाही का लक्षात आलं?”

“अगं, मला तर ती...” सर थांबले.

“तुम्हाला काय म्हणते?”

“अहो म्हणते.”

“ते तर नेहमीचंच आहे.”

“हो,” सर म्हणाले. “नेहमीचंच आहे.”

थेंब खाली पडला. नवख्या माणसाच्या हातून पडला असता तर सरांनी त्याला बाहेर काढलं असतं. त्यांनी पिपेट सरळ ठेवला, मोजे काढले, कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडून आत टाकले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “जवळचा आधी.”

लेक अर्धी गेली होती, याचा अर्थ तिच्या आधीचा पूर्ण गेला होता. हे गणित समजवायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ज्यानं शिकवलं तोच समोर उभा होता.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. बस डेपोच्या मागची जुनी इमारत, तिसरा मजला, दारासमोर चपलांचं लोखंडी कपाट. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, तू कशी काय आज? ये ये. किती दिवसांत फिरकली नाहीस. लाज वाटते का काही?”

मग त्यांची नजर माझ्यामागे गेली. त्या थोड्या बाजूला सरकल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “या ना. तुम्हीपण या. बसा.”

मी वर्षातून चार वेळा जाणारी बाई. माझ्या वाट्याला ‘अगं’ आणि ‘लाज’ दोन्ही आलं. मला ते दोन्ही सरांच्या हातात ठेवून पळून जावंसं वाटलं.

सर बसले नाहीत. ते न्हाणीघरात गेले, नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते निथळता टॉवेल घेऊन. तो त्यांनी माझ्यादेखत काकूंच्या पलंगावर, धुतलेल्या चादरीवर, फेकला. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. वाट बघत. चादरीवर पाण्याचा डाग पसरत होता. काकूंनी डागाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि मी देवाला म्हटलं, ओरडू दे, एकदा ओरडू दे हिला.

“असू द्या,” काकू म्हणाल्या. “मी ठेवते. तुम्ही दमून आला असाल.”

सर म्हणाले, “मी कोण आहे?”

काकू अवघडल्या. घरी आलेल्या माणसानं भलतंच विचारलं की होतो तसा त्यांचा चेहरा झाला. “असं काय विचारता? इथेच तर असता तुम्ही,” म्हणाल्या, आणि मदतीसाठी माझ्याकडे बघायला लागल्या. मग चहा टाकते म्हणून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. लेक स्पीकरवर. ती रडत नव्हती, ती भांडत होती. तिचं म्हणणं, गोंद द्यायचा नाही, थांबायचं. परतीचं येईल तेव्हा बाबाही परत येतील, मीही येईन.

संचालक टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. ते म्हणाले, “मी सांगणारा कोण, पण तिचं अगदीच चूक नाही. आता गोंद लावलात तर मुलगी अर्धी का होईना राहील, पण तुम्ही कायमचे बाहेर. तुमचाच प्रयोग आहे हा. आणि परतीचं काही फार लांब नाही. तुम्हीच म्हणता ना, उद्या?”

“पेशींच्या बाबतीत म्हणतो,” सर म्हणाले.

“मग?”

“परतीचं व्हायला अजून किती लागेल ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. तोवर ही पूर्ण जाईल.” त्यांनी फोनकडे हात केला. “तिची ओळख जाईल, तिच्यानंतर तिच्या मावश्यांची जाईल. आणि परतीचं आलंच नाही तर तिला सांगायचं काय? की थांबलो होतो म्हणून?”

“बाबा, पण तुम्ही...” फोनमधून आवाज आला.

“माझं जायचं ते गेलंय, बाळा. तू अजून अर्धी आहेस.”

मग ते संचालकांकडे वळले आणि म्हणाले, “आज द्या.”

संचालकांचा पेपरवेट थांबला. इतक्या वर्षांत कामाच्या बाबतीत सरांच्या तोंडून मी ‘आज’ ऐकला नव्हता. आणि ऐकला तो असा.

केंद्रावर काकू शहाण्या पोरीसारख्या बाही वर करून बसल्या. सुई टोचणाऱ्या परिचारिकेनं, पद्धत म्हणून, सरांकडे बोट करून विचारलं, “हे तुमचे कोण?”

काकूंनी सरांकडे पाहिलं, मनापासून आठवायचा प्रयत्न केल्यासारखं पाहिलं, आणि सौजन्यानं म्हणाल्या, “हे आमच्याकडे असतात.”

परिचारिकेनं मान खाली घातली आणि कापूस शोधत बसली. सर म्हणाले, “बरोबर आहे. टोचा तुम्ही.” पिस्टन खाली जाताना ते बघत होते. हूडपुढे बाटलीत थेंब सोडताना जसे बघत, तसेच डोळे बारीक करून. हात मागे बांधले होते. मी मागे उभी होते, म्हणून मला दिसलं, त्यांनी एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

लेक राहिली. गोंदानं आपलं काम चोख केलं. ती रजा घेऊन आली तेव्हा काकूंनी तिला ‘तू’ म्हटलं, अधूनमधून बोलता बोलता अडखळायच्या, पण ‘तुम्ही’वर गेल्या नाहीत. केस विंचरले नाहीस म्हणून ओरडल्या, फोनमध्ये तोंड घालून बसतेस म्हणून ओरडल्या. सर बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसत आणि शेजाऱ्याचा रेडिओ ऐकावा तसं ते ओरडणं ऐकत. लेकीनं मला हे सांगितलं आणि सांगताना तिला हुंदका आला. ती म्हणाली, “मला प्रत्येक वेळी वाटतं, हे मी बाबांच्या ताटातलं खातेय.”

फोनवरचं वाक्य सरांनी बदलून घेतलं. नुसत्या आमच्या शहरात अशा कितीतरी बायका निघाल्या, ज्यांच्या नवऱ्यांना पत्ताच नव्हता. नवरे उलट खूश होते. घरात शांतता आहे म्हणत होते. नवीन वाक्य असं होतं: “घरातलं माणूस भांडायचं थांबलं, तर आधी आम्हाला कळवा.” लोक त्याच्यावरही विनोद करत. मी करू शकले नाही.

त्यानंतर एक गोष्ट प्रयोगशाळेत सगळ्यांच्या लक्षात आली, बोललं मात्र कुणी नाही. सरांनी उद्या म्हणायचं सोडलं. पेशी वाढल्या का विचारलं तर म्हणत, बघून सांगतो. निकाल लागला का, तर, नाही अजून. टोपणनाव हळूहळू आपोआप गळून पडलं. काम मात्र ते दुप्पट करत. परतीच्या औषधामागे असे लागले की तरुण पोरं दमायची. एकदा मी चिडून विचारलं, “सर, तुम्हाला काय मिळणार आहे यातून? काकूंना तर ते चालणार नाही.”

“माहितेय,” ते म्हणाले. “मीच शोधलंय ते.” आणि बाटली उजेडात धरून तळाशी पेशी धरल्यात का ते बघायला लागले. मला माझ्याच जिभेचा राग आला.

आणि परतीचं झालं. उशिरानं झालं, पण झालं. गोंद न घेतलेल्या माणसांवर दिलं गेलं. वॉर्डात काकूंच्याच वयाची एक बाई होती, नवऱ्याला कितीतरी महिने ‘अहो, आपण बसा ना’ म्हणणारी. एका सकाळी तिनं डोळे उघडले, शेजारच्या स्टुलावर पेंगणाऱ्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, “घोरतोयस काय? लोक बघतायत.” काचेपलीकडे आम्ही सगळे उभे होतो. टाळ्या पडल्या, संचालकांनी डोळे पुसले, कुणीतरी मला मिठी मारली. सरही टाळ्या वाजवत होते. पुष्कळ वेळ वाजवत होते, बाकीच्यांच्या थांबल्यावरसुद्धा. मग म्हणाले, “पोरांना खायला घालायचंय,” आणि हूडकडे गेले.

त्या वेळी काकूंना गोंद दिला नसता तर? हा प्रश्न कुणी त्यांना विचारला नाही. विचारायची गरजही नव्हती. लेक मधल्या काळात पूर्ण गेली असती, पण तीही परत आली असती आणि ते स्वतःही, एवढं त्या वॉर्डातल्या बाईनं सिद्ध करून दाखवलं होतं. शास्त्रज्ञाला आणखी वाईट शिक्षा कुठली असते मला माहीत नाही. गुन्हा नसताना तर नाहीच.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. पलंगावर टॉवेलची घडी होती, कडेला चादरीवर ओला डाग. म्हणजे अजून टाकतात. काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मला स्टुलावर बसवलं, केस पिकले म्हणून माझी टिंगल केली, जाड झालीस म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

“एक विचारू का गं? तू त्यांच्या ऑफिसातली, तुला माहीत असेल.”

“काय काकू?”

“हे गृहस्थ फार सज्जन आहेत बघ. कधी वर आवाज नाही, कधी काही मागणं नाही. एक तो ओला टॉवेल टाकतात तेवढंच, पण ते काय, पुरुषमाणसं. नाही, मला त्रास असा काहीच नाही त्यांचा.” त्या ताटली पुसायच्या थांबल्या. “पण वय झालंय गं त्यांचं. संध्याकाळी खिडकीत बसतात ते बघून जीव तुटतो माझा. त्यांच्या घरचं कुणी त्यांना न्यायला का येत नाही?”

सर दारात उभे होते. हातात रिकामा कप. किती वेळ उभे होते कोण जाणे.

काकूंनी मागे वळून पाहिलं आणि त्या शरमल्या. “अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला. राहा तुम्ही, हवे तेवढे दिवस राहा.”

सर आत आले. त्यांनी कप विसळला, पालथा घातला, हात स्वेटरला पुसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

“येतील,” ते काकूंना म्हणाले. “उद्या येतील.”